रॉकवाल्या मामाला बोलतं कसं करायचं?

आठ_बाराची_लोकल (धागाकर्ता)

मंडळी, जरा मदत हवीय.

माझा धाकटा मामा, वय ७५. आयुष्यभर बँकेत नोकरी, मुक्काम डोंबिवली पूर्व, सकाळी चालणं, दुपारी शब्दकोडी. इथे ज्यांना जांभई आली त्यांच्यासाठी सांगतो: हा माणूस १९६९ ते १९७६ मुंबईत एका बीट ग्रुपमध्ये लीड गिटार वाजवायचा. खांद्यापर्यंत केस, बेलबॉटम, आजोबांशी दोन वर्षं अबोला, सगळं यथासांग. नंतर लग्न झालं, बदली झाली आणि गिटार जी खोळीत गेली ती गेलीच.

गेल्या महिन्यात मामी म्हणाली, "ह्यांचं सगळं एकदा रेकॉर्ड करून ठेव रे, मला ऐकून ऐकून पाठ झालंय, पण माझ्यामागे कोण सांगणार?" मी लगेच तयार. वहीत चोवीस प्रश्न लिहून नेले. फलित असं:

"मामा, तुझी प्रेरणा कोण?" "हँक मार्विन." (संपलं.)
"तो काळ कसा होता?" "छान होता."
"आज मागे वळून पाहताना काय वाटतं?" "मान दुखते."

पुढे त्याने नेहमीचे तीन किस्से काढले. एक, कॉलेजच्या सोशलमध्ये वीज गेली आणि ड्रमवाल्याने एकट्याने वीस मिनिटं खिंड लढवली तो. दुसरा, १९७१ साली मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मोठा मेळा भरला होता, तिथल्या चिखलाचा. तिसरा, १९७२ मध्ये लेड झेपेलिन ह्या इंग्लिश रॉक बँडचे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये अचानक येऊन वाजवून गेले तेव्हा आपण तिथे होतो, हा. (मुंबईतले जितके म्हातारे त्या रात्री तिथे असल्याचं सांगतात तेवढे मावायला ब्रेबर्न स्टेडियम लागलं असतं, पण ते असो.) तिन्ही किस्से शब्दशः तेच, विराम त्याच जागी, मामी ओठ हलवत साथीला. चहा धरून एकूण अकरा मिनिटं.

तुमच्यापैकी बरेच जण जुन्या रॉक मंडळींच्या मुलाखती ऐकता. ती सत्तरी-ऐंशीची माणसं तासन्‌तास बोलतात आणि आपण ऐकत बसतो. हे साधतं कसं? काय विचारायचं?

---

फेडर

बावीस वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली आहेत, गाणाऱ्यांची आणि बोलणाऱ्यांचीही. म्हणून जरा मोठा प्रतिसाद, चालवून घ्या.

आधी ते चोवीस प्रश्न फाडून टाका. "प्रेरणा कोण", "काळ कसा होता", "मागे वळून पाहताना" हे सत्कार समारंभातले प्रश्न आहेत. त्यांना शालीसारखीच उत्तरं मिळतात, घडी घातलेली. तुमच्या मामांनी "मान दुखते" म्हटलं तेच मुलाखतीतलं एकमेव खरं वाक्य होतं. तिथून धरायला हवं होतं! गिटार कोणत्या खांद्यावर असायची, वजन किती, उभ्याने किती तास?

माझा अनुभव असा की वादकाला विचार विचारू नयेत. हात, सामान आणि पैसे विचारावेत. विचार आपोआप मागून येतात.

ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी घ्या. त्यांना "हेवी मेटलचे जनक म्हणून कसं वाटतं" विचारलंत तर ते सभ्यपणे काहीतरी बोलतील. बोटांबद्दल विचारा, मग बघा. वय १७, बर्मिंगहॅमचा पत्र्याचा कारखाना, नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आले तेव्हा परत जायचंच नव्हतं. आई म्हणाली, असं अर्धवट सोडू नये, दिवस पुरा करून ये. गेले, आणि प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने घरी येऊन जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, आणि मग सांगितलं की आगीत भाजल्यामुळे हा माणूस डाव्या हाताच्या दोनच बोटांनी एवढं वाजवतो. मग आयोमींनी भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, घासून घासून मापात आणली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपणाखाली तार किती दाबली ते कळत नाही, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला, आणि तो काळाकुट्ट आवाज आला. जगभरच्या पोरांनी ज्याची नक्कल केली तो आवाज असा साबणाच्या बाटलीपर्यंत जातो. हे सगळं 'बोटं' एवढ्या एका शब्दातून निघतं.

ब्रायन मेंचंही तेच. त्यांच्या क्वीन बँडबद्दल विचारलं की उत्तरं तयार असतात. गिटारबद्दल विचारा. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, विकत घ्यायची ऐपत नाही, म्हणून १९६३ मध्ये बापलेकांनी घरीच करायला घेतली. दांडा कोणाच्या तरी जुन्या शेकोटीवरच्या फळीतून, शंभराहून जास्त वर्षांचं महोगनी, त्यात वाळवीची भोकं, ती काड्या घालून बुजवलेली. पट्टीवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याची बटणं. स्प्रिंगा मोटारसायकलच्या. दोन वर्षं लागली. नंतर मुलाने पीएचडी बाजूला ठेवून बँड धरला तेव्हा हेच वडील घुसमटले, बोलणं जवळजवळ थांबलं. पुढे मेंनी त्यांना कॉन्कॉर्डने न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला आपला कार्यक्रम दाखवला, तेव्हा कुठे गाठ सुटली. अर्धवट पीएचडी २००७ मध्ये पुरी केली हे सांगितलं की आपल्याकडच्या कोणत्याही बापाचा जीव भांड्यात पडेल. आजोबांचा दोन वर्षांचा अबोला मामांना थेट विचारू नका. पहिली गिटार घरात आणली तेव्हा ती कुठे ठेवायचे, एवढंच विचारा.

आणि पैसे! आपण मराठी माणसं पैशाचं विचारायला लाजतो. अहो, विचारा. १९७३ च्या जानेवारीत एका रविवारी क्लेअर टोरी ॲबी रोड स्टुडिओत गेल्या, पिंक फ्लॉइडच्या एका तुकड्यावर शब्दांशिवाय नुसत्या आलापासारखं गायल्या आणि ३० पौंड घेऊन घरी आल्या. त्यांना वाटलं, हे काही वापरणार नाहीत. दुकानात अल्बमवर नाव दिसलं तेव्हा कळलं. २००४ मध्ये त्यांनी दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि सहसंगीतकार म्हणून नाव लागलं. प्रोकोल हॅरमच्या ऑर्गनवाल्या मॅथ्यू फिशरनी १९६७ च्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' गाण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तर २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन ४० टक्के वाटा मिळवला. ज्या ऑर्गनच्या चालीने ते गाणं आपण ओळखतो ती चाल कोणाची, हा प्रश्न बेचाळीस वर्षं लोंबकळत होता. अशा माणसांशी गप्पा मारताना "कलेचा प्रवास" वगैरे विचारणं म्हणजे ताटातला मासा सोडून कढीपत्ता चघळणं.

तुमच्या मामांनी पेज-प्लांट काढलेच आहेत म्हणून सांगते. त्याच १९७२ च्या मुंबई मुक्कामात दोघांनी इथल्या तबला-व्हायोलिनवाल्यांना घेऊन दोन गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं होतं, ते रीतसर बाहेर आलं थेट २०१५ मध्ये. पेजना त्यावर लोकांनी खूप विचारलं. माझा जीव अडकतो तो त्या दिवशी वाजवणाऱ्या आपल्या मंडळींत. त्या शिफ्टचे किती मिळाले, समोरचा गोरा पोरगा काय मागत होता, ते कसं समजून घेतलं? हे वेळेत विचारलं गेलं असतं तर काय मजा आली असती. म्हणून तुम्ही उशीर करू नका.

तांत्रिक: पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर नंतर.

---

आठ_बाराची_लोकल

फेडरताई, दंडवत. 'ताटातला मासा' वाक्य चोरतोय. पण पंखा बंद केला तर मामा बोलायचाच थांबेल, डोंबिवली आहे.

---

तिरकिट

ड्रमवाले चार्ली वॉट्स. बाकी काही नाही. २००३ मध्ये ब्रेबर्नवर पाहिलंय, सगळं स्टेडियम मिक जॅगरकडे बघत होतं आणि मी त्या माणसाच्या डाव्या मनगटाकडे. रोलिंग स्टोन्समध्ये पंचवीस वर्षं झाल्यावर कोणीतरी विचारलं तेव्हा त्यांचा हिशोब असा होता: पाच वर्षं वाजवणं, वीस वर्षं नुसतं थांबून राहणं. १९६७ पासून दौऱ्यात ज्या ज्या हॉटेलात झोपले त्या प्रत्येक पलंगाचं चित्र काढून ठेवलं होतं. मामांना विचारा, कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर काय करायचात. वाजवण्याचं नका विचारू.

---

ब्रॉडस्ट्रीटवरचा_बबन

बर्मिंगहॅमहून. आयोमींचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो, पासवर्ड शोधायला अर्धा तास गेला.

इथे ब्रॉड स्ट्रीटवर कालव्याच्या पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव दिलंय, चौघांच्या चेहऱ्यांचा बाक आहे. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच. गेल्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला त्यांचे गायक ऑझी ऑसबोर्न गेले. त्या आठवड्यात बाकावर एवढी फुलं होती की चेहरे दिसेनात. लोक फुलांशेजारी बिअरचे डबे ठेवून जात होते, नैवेद्यासारखे.

माझं निरीक्षण एवढंच की ह्या गावची जुनी मंडळी करिअरबद्दल बोलताना सुरुवात नेहमी कारखान्यापासून करतात. ऑझी कारखान्यात गाड्यांचे हॉर्न सुरात लावायचं काम करायचे. दिवसभर भोंगे! मग कत्तलखाना. आणि हे खास तुमच्यासाठी: बेसवाले गीझर बटलर हिशेबनिसाचं शिक्षण घेत होते. एवढ्या अक्राळविक्राळ गाण्यांचे शब्द लिहिणारा माणूस मुळात जमाखर्चवाला.

तुमचे मामा बँकेतले ना? मग ग्रुपचा हिशोब कोण ठेवायचं?

---

वामकुक्षी

सगळं छान, पण एक खडा टाकतो. म्हाताऱ्यांच्या आठवणींवर इतका विश्वास नको. पन्नास वर्षं तोच किस्सा सांगून त्याचे कंगोरे झिजतात आणि उरतो तो गोटा. डीप पर्पल बँडची स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोची आगच घ्या. ४ डिसेंबर १९७१, फ्रँक झापांचा कार्यक्रम, कोणीतरी छताकडे पेटता फ्लेअर उडवला, कॅसिनो जळाला, तळ्यावर धूर. रॉजर ग्लोव्हरना काही दिवसांनी झोपेतून उठताना 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द सुचले, ते इयन गिलनना ड्रग्जचं गाणं वाटलं. हे हजार वेळा ऐकलंय. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग, जो ते कधी कधीच सांगतात: मधल्या काळात एका नाट्यगृहात रात्री संगीताचा भाग मुद्रित करत होते, आवाजाने गाव जागं झालं, पोलीस आले, आणि टेक पुरा होईपर्यंत सामान वाहणारी पोरं आतून दार दाबून उभी होती. जगभरची पोरं वाजवतात तो गिटारचा तुकडा बंद दाराआड, पोलीस बाहेर ठोठावत असताना झालाय! मुख्य किस्सा झिजलेला असतो, दारावरच्या पोरांचा नाही.

म्हणून सुचवतो: दुसरा साक्षीदार आणा. ग्रुपमधलं कोणी हयात आहे का?

(नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले तेव्हा मी हेच म्हटलं होतं, की आत्माराम भेंड्यांच्या घरातून निघालेला मुलगा रॉक गायक कसा झाला हे नीट बसून कोणीतरी विचारायला हवं होतं. कोणीतरी म्हणजे मीच. दादरला ओळखीच्या घरी दोनदा समोर आले होते, मी श्रीखंड वाढून घेत होतो.)

---

मुरली_नव्हे_फ्लूट

जेथ्रो टलचे इयन अँडरसन वीसेक वर्षं जगभर बासरी वाजवत होते. मग मुलगी शाळेत फ्लूट शिकायला लागली आणि म्हणाली, बाबा, तुमची बोटं चुकताहेत. त्यांनी बसून पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतलं. हे ते स्वतः हसत सांगतात. मामांना विचारा, काय चुकीचं वाजवायचात आणि कोणाला कळलं नाही.

---

आठ_बाराची_लोकल

अपडेट. लांबलंय, सावकाश वाचा.

काल रविवार. पंखा एकवर ठेवला (तह). प्रश्नांची वही नेलीच नाही. आधी विचारलं, "मामा, तारा छेडायचं पिक कुठून आणायचास?" म्हणाला, "आणायचो कसला? साबणाच्या डबीचं झाकण कापायचं. हिरवी डबी चांगली, गुलाबी लवकर मोडायची." मी गप्प बसलो. मग आपणहून: बेसच्या तारा महाग, त्या बदलणं परवडायचं नाही. मेल्या की काढून पातेल्यात उकळायच्या, की पुन्हा आठवडाभर वाजतात. आजीने त्याच पातेल्यात दूध तापवलं होतं. अबोला तिथून सुरू झाला, केसांवरून नाही! मला पस्तीस वर्षं केसांचं कारण सांगितलं गेलंय.

मग बबनरावांचा प्रश्न टाकला. "ग्रुपचा हिशोब कोण ठेवायचं?"

मामा उठला. स्टूल घेऊन माळ्यावर चढला, मामी खालून ओरडतेय. एक लांबट वही खाली आली, लाल कापडी पाठ, कोपरे झुरळांनी खाल्लेले. पहिल्या पानावर वर मधोमध 'श्री'. खाली डावीकडे जमा, उजवीकडे नावे. अक्षर मोत्यासारखं. मी फोटो काढलाय, एका पानावरचं जसंच्या तसं देतो:

'जमा: लग्नाची पार्टी, चर्चगेट, रु. १५०. नावे: टॅक्सी (ड्रमसह) १४. टॅक्सी (ड्रमशिवाय) ६. ड्रमचं कातडं १ नग २२. वडापाव ५ जण. बेसच्या तारा ४०, येणे.'

त्या 'येणे'खाली लाल शाईची दुहेरी रेघ. तारीख मार्च १९७४. वडापावासमोर आकडा नाही. म्हणे, ते ड्रमवाल्याने दिले.

मामा त्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या हलकटाने दिलेच नाहीत." आणि थेट फोन. बेसवाले अंकल वसईला असतात, वय ७७, गेल्या दहा-बारा वर्षांत दोघांचं बोलणं फक्त नाताळ आणि दिवाळीला. मामाने 'कसा आहेस' वगैरे काही नाही, "चाळीस रुपये" एवढंच म्हटलं. पलीकडून क्षणभर शांतता, आणि मग, "ए कारकुना, आणि माझ्या स्पीकरला ब्लेड कोणी मारलं?"

पुढची पन्नास मिनिटं मी हॉलमध्ये बसून ऐकली. लॅमिंग्टन रोडच्या एका रेडिओ मेकॅनिककडून दोघांनी वर्गणी काढून ॲम्प्लिफायर करून घेतला होता. मामाने कुठेतरी वाचलं की किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चिरा पाडून तो फाटका आवाज काढला होता, म्हणून ह्याने रात्री गुपचूप तेच केलं. पण कापला तो चुकून बेसचा स्पीकर. दुसऱ्या दिवशी बांद्र्याला कार्यक्रम. अंकल बेस वाजवताहेत आणि आतून म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतोय. लोकांना वाटलं हे नवीन काहीतरी आहे. टाळ्या! त्या रात्रीनंतर दोन महिने त्यांनी मुद्दाम तसंच वाजवलं. चाळीस रुपये अंकलनी ह्याच रागात दिले नाहीत. मामाला हे आत्ता, बावन्न वर्षांनी कळलं.

मध्येच मामाने फोन स्पीकरवर टाकला, मांडीवर पालथी बशी घेतली आणि त्यावर बोटांनी कसला तरी ठेका धरला. पलीकडून अंकल तोंडाने बेसची ओळ म्हणत होते. मामी स्वयंपाकघराच्या दारात, हातात उलथनं. हा भाग तिलाही पाठ नव्हता.

आता रडकथा. मामाच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता म्हणून त्याने कॉल माझ्या फोनवरून लावला. माझ्या फोनवरच रेकॉर्डिंग चालू होतं. कॉल लागला तसं ते थांबलं. माझ्याकडे साबणाची डबी आहे, पातेलं आहे, आणि "त्या हलकटाने दिलेच नाहीत" इथपर्यंत आहे. बस.

पण पुढच्या रविवारी अंकल वसईहून येताहेत. मुलगा गाडीने सोडणार आहे, बेस घेऊन. मामाने गिटार खोळीतून काढून पुसलीय, तारा गंजल्यात, नव्या आणायला मला धोबीतलावला पिटाळलंय, आणि वर सांगितलंय की पावती आण.

फेडरताई, दोन म्हातारे, एक हॉल, पंखा एकवर. दोन हजारांच्या आत काय घेऊ?

---

फेडर

कॉलरला लावायचे दोन माईक, दोघांना वेगवेगळे, कारण ते एकाच वेळी बोलणार. रेकॉर्डिंग ज्या फोनवर, त्याला विमानात बसवा, म्हणजे फ्लाइट मोड. भाचा म्हणून तुमचा फोन कोणी मागितला तर द्यायचा नाही.

आणि पातेलं ठेवा आसपास.

---

तिरकिट

ड्रमवाला कुठे असतो?